२०२२ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये अर्जेंटिनाची फॉर्मेशन कोणती होती? मेस्सी नेमका कुठे खेळत होता?

कागदावर ४-३-३, म्हणजे मागे चार बचावपटू, मध्ये तीन, पुढे तीन. पण प्रशिक्षक स्कालोनीची खरी चाल म्हणजे डि मारियाला डाव्या बाजूला उतरवणं. फ्रान्सचे कुंदे आणि डेम्बेले त्याच्यापुढे पार गोंधळले. पहिल्या गोलची पेनल्टी त्यानेच मिळवली, दुसरा गोलही त्याचाच.

मेस्सी नावाला उजवा विंगर, प्रत्यक्षात मोकाट. तो मध्ये सरकला की उजवी बाजू डी पॉल आणि मोलिना सांभाळायचे. मेस्सीच्या वाट्याचं पळणं डी पॉलच्या पायांवर, असं म्हणा ना! एन्झो बचावफळीच्या पुढे, मॅक अ‍ॅलिस्टर डावीकडून वर धावणारा, अल्वारेझ स्ट्रायकर.

६४व्या मिनिटाला डि मारियाला काढून बचावपटू आकुन्याला आणलं, आणि माझ्या मते तिथेच पकड ढिली झाली. क्वार्टर फायनलला नेदरलँड्सविरुद्ध मात्र हाच संघ मागे पाच जण ठेवून उतरला होता.