पाय फुटतो, म्हणजे नेमकं काय होतं?

विचारणा अशी आहे: उभयचरांवरच्या लेखाचं भाषांतर करताना 'ऊतींचे पुनरुत्पादन' असं लिहिलं, संपादकांनी ते खोडून 'पुनर्जनन' केलं. फरक काय?

संपादकांचं बरोबर आहे. 'पुनरुत्पादन' म्हटलं की पिल्लं डोळ्यांसमोर येतात. मेक्सिकोच्या सोचिमिल्कोतल्या ॲक्सोलॉटल या उभयचर प्राण्याचा तुटलेला पाय परत येतो, तेव्हा प्राणी एकचा एकच राहतो. गोंधळ व्हायला कारणही आहे म्हणा. शाळेत 'पुनर्जनन' भेटतं ते अलैंगिक प्रजननाच्या धड्यात, प्लॅनेरिया या चपट्या कृमीच्या सोबतीनं. आणि तिथे एकाचे दोन होतात.

'जखम भरून येणं' हेही इथे चालणार नाही. आपली जखम भरते, खपली धरते, वण मागे राहतो. ॲक्सोलॉटलच्या जखमेवर कातडीच्या पेशी काही तासांतच सरकून येतात, त्यांच्याखाली पेशींचा उंचवटा तयार होतो आणि त्यातून हाड, स्नायू, बोटं सगळं पुन्हा घडतं. मात्र तिथल्या चेता, म्हणजे मज्जातंतू, आधीच तोडल्या, तर पाय येत नाही. उंचवट्यातल्या पेशी सगळ्या सारख्या दिसतात, पण आपलं मूळ विसरत नाहीत: स्नायूतून आलेल्या पेशी कूर्चा घडवत नाहीत, हे २००९ साली दाखवलं गेलं.

या उंचवट्याला 'ब्लास्टेमा' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कोंब, धुमारा. म्हणजे नाव देणाऱ्यांनाही झाडच आठवलं! मी 'कोंब' वापरीन. 'कलिका' नको, ती कलिकायनाकडे, म्हणजे अंगावर कळी येऊन नवा जीव होण्याकडे ओढते.

आणि क्रियापद? सरळ 'फुटणे'. काच फुटते तेही फुटणं, पालवी फुटते तेही फुटणं. मोडणं आणि उगवणं मराठीनं एकाच धातूत बसवलंय. 'ॲक्सोलॉटलला नवा पाय फुटतो' हे 'पादाचे पुनर्जनन होते' यापेक्षा कितीतरी जिवंत वाक्य आहे. फक्त 'नवा' गाळू नका. नाहीतर घरातल्या कात्रीला पाय फुटतात, तसा प्राणीच पळवला गेला असं वाटायचं.

बेडकांबाबत जपून लिहा. बेडूकमाशाला शेपूट पुन्हा फुटते, पण पूर्ण वाढलेल्या झेनोपस बेडकाचा पाय तोडला तर तिथे कूर्चेचा नुसता सुळका येतो, बोटं नाहीत. त्याला 'पाय' म्हणू नये. 'खुंट' म्हणावं.