पहिलं खुराडं घेताय? रंग नको, पाय बघा

कोंबड्या आणण्याआधी खुराड्याचा विचार करताय, हे उत्तम. मी उलटं केलं होतं.

लाकडी खुराडं बहुतेक वेळा खालून कुजतं. पाय थेट मातीत टेकले की लाकूड ओल ओढून घेतं. म्हणून ते विटांवर किंवा फरशीवर ठेवा आणि तळ जमिनीपासून फूटभर तरी उंच असू द्या. माझ्या पहिल्या खुराड्याचा पाय दुसऱ्या पावसाळ्यात नखाने उकरता येत होता, वरचा रंग मात्र नवा कोरा! प्लायवूड असेल तर कडांवरून बोट फिरवा. कापलेली कड उघडी राहिली असेल तर पाणी तिथूनच शिरतं आणि थर सुटतात.

छपराला उतार हवा, आणि ते भिंतीच्या चांगलं पुढे आलेलं हवं.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- 'सहा कोंबड्यांसाठी' हे लेबल खरं मानणं. आतली जागा स्वतः मोजा, कोंबडीमागे चार चौरस फूट धरा.
- पावसाच्या भीतीने सगळं बंद करणं. विष्ठेचा अमोनिया आणि दमटपणा आत कोंडतो. छपराखाली झरोके हवेतच.
- षटकोनी भोकांची पातळ जाळी. ती कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला अडवत नाही. अर्ध्या इंचाच्या भोकांची वेल्डेड जाळी घ्या, झरोक्यांनाही तीच.

पैसे देण्याआधी दार उघडून आत हात घाला. मागच्या कोपऱ्यापर्यंत पोचला नाही, तर तिथली घाण तुम्ही काढणार कशी? कोंबड्यांना बसायच्या दांड्या, अंड्यांचे खण यांचं नंतर बघू, ते बदलता येतात.