मल्टिट्रॅक रेकॉर्डरवर एकाच अभंगाचे अनेक टेक झाले की ते सांभाळायचे कसे?

तुम्ही लिहिलंय की नेरूळच्या तुमच्या भजनी मंडळासाठी झूम आर-१६ (एका वेळी आठ माइक आठ वेगळ्या ट्रॅकवर घेणारा रेकॉर्डर) घेतलात, सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्यांना एकत्र बसवून रेकॉर्डिंग केलंत, आणि आता एकेका अभंगाचे पाच-सहा टेक, म्हणजे पुन्हा पुन्हा केलेली रेकॉर्डिंग, कार्डावर पडून आहेत. कुठली फाइल कुठल्या टेकची ते कळत नाही. शिवाय तिसऱ्या टेकमधला बुवांचा आवाज पहिल्या टेकच्या पखवाजावर बसवता येईल का, असंही विचारलंय. मी ठाण्यात नौपाड्याला राहतो आणि आमच्या भागातल्या मंडळांची रेकॉर्डिंग अशाच यंत्रांवर करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. नाही, बसणार नाही. एक तर क्लिकशिवाय (कानात लय देणाऱ्या टिकटिकीशिवाय) वाजवलेल्या दोन टेकची लय कधीच तंतोतंत एक नसते. बुवा रंगले की लय चढते, आणि ती चढायलाच हवी, भजनाचा जीव त्यात आहे. दुसरं कारण त्याहून मोठं. एका खोलीत सगळे बसले की पखवाजाच्या माइकमध्ये बुवांचा आवाज असतोच, आणि टाळ तर प्रत्येक माइकमध्ये घुसतात. तुम्ही बुवांचा ट्रॅक बदललात तरी पहिल्या टेकमधले बुवा पखवाजाच्या ट्रॅकमधून मागे पुटपुटत राहतील. दोन बुवा, दोन वेगळ्या लयी.

म्हणून एकत्र वाजवलेला टेक म्हणजे आठही फाइली मिळून एक टेक. त्यातली एक काढून दुसरीकडे लावायची नाही. पण आडवं नाही तरी उभं कापता येतं. तिसऱ्या टेकमधला दुसरा अंतराच हवा असेल, तर त्या अंतऱ्यापुरते आठही ट्रॅक तिसऱ्या टेकचे घ्या आणि पुन्हा धृपद आलं की आठही पहिल्या टेकचे. हे काम काँप्युटरवर करा, यंत्राच्या छोट्या पडद्यावर करण्यात अर्थ नाही. जोड समेवर देऊ नका. समेवरच्या थापेची आस पुढे रेंगाळते आणि मुखडा समेच्या आधीच उठलेला असतो. बुवा श्वास घेतात ती जागा शोधा. जोडाच्या आसपास दोन्हीकडची लय जुळत असेल तरच हे साधतं, नाहीतर नाद सोडा आणि एकच अख्खा टेक निवडा.

आता फाइली ओळखण्याचं. या रेकॉर्डरवर ट्रॅक ही नुसती जागा आहे, आवाज फाइलमध्ये असतो. ट्रॅक ३ वर कुठली फाइल वाजेल हे मेनूतून ठरवता येतं, म्हणून नवा टेक झाला म्हणजे जुना गेला असं नाही. तो प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये असतो, फक्त ट्रॅकवर लावलेला नसतो. (जुन्या फाइलवरच लिहायचं की दर वेळी नवी फाइल करायची, याचं सेटिंग असतं. ते नव्या फाइलवरच ठेवा.) कार्ड काँप्युटरला लावा आणि फाइलींची लांबी बघा. एकाच वेळी रेकॉर्ड झालेल्या आठ फाइलींची लांबी हुबेहूब सारखी असते, आणि दोन टेकची लांबी सहसा सारखी नसते. एवढ्यावर तुमच्या जवळजवळ सगळ्या फाइली वेगळ्या होतील. मग प्रत्येक टेकचा वेगळा फोल्डर करून त्याच क्षणी नावं बदला: अभंग, टेक, वाद्य. कार्डावरची मूळ फाइल मात्र तशीच राहू द्या, नावं प्रतीची बदला.

पुढच्या वेळी एकत्र रेकॉर्डिंग असेल तर प्रत्येक टेकला नवा प्रोजेक्ट उघडा. मला हीच पद्धत सर्वांत भरवशाची वाटते. इनपुटही कायमचे ठरवून टाका: बुवा १, पखवाज २ आणि ३, पेटी ४, कोरस पुढे. कंडेन्सर माइक असेल तर या यंत्रावर फँटम पॉवर (अशा माइकला लागणारी वीज) फक्त ५ आणि ६ ला आहे, त्या हिशोबाने मांडा. गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) असा ठेवा की सर्वांत जोरकस जागेला पातळी -१२ डीबीच्या आसपास राहील आणि अभंग संपेपर्यंत त्याला किंवा माइकला हात लावू नका. उभी जोडणी त्यावरच टिकते.

सोबत एक वही हवी. कोणीतरी एकाने, जो गात-वाजवत नाही अशाने, टेक संपताच लिहायचं: पट्टी, कुठे चुकलं, कुठे रंगलं, मध्येच हॉलबाहेर हॉर्न वाजला का. रात्री घरी ऐकताना सगळे टेक सारखे वाटतात, कान थकलेले असतात. वहीतली 'दुसरा अंतरा, उत्तम' ही एक ओळ तासभर वाचवते.

वहीत पखवाजाचीही नोंद ठेवा. धुम्याला (पखवाजाच्या डाव्या तोंडाला) लावलेली कणीक पंख्याखाली सुकत जाते आणि आवाज बदलतो. पावसाळ्यात नवी मुंबईच्या दमट हवेत कातडंही उतरतं. सात वाजताचा टेक आणि नऊ वाजताचा टेक एकमेकांना जोडले की हा फरक लगेच ऐकू येतो. पेटी काही हलत नाही, म्हणून प्रत्येक टेकआधी पखवाज पेटीशी मिळवून घ्या, कणीक बघून घ्या. पखवाजवादकाला घाई करू नका.

शक्य असेल तर टाळ आधी घेऊच नका. बुवा, पखवाज आणि पेटी आठ ट्रॅकवर घ्या, त्यातला एक टेक नक्की करा, मग ९ ते १६ या ट्रॅकवर टाळ आणि कोरस हेडफोनवर ऐकवून घ्या. इथे सगळं उलटं होतं. दुसऱ्याचा आवाज माइकमध्ये नसल्यामुळे एकाच ट्रॅकचे कितीही टेक करा, हवा तो लावा, चुकलेली ओळ पंच-इन करून (तेवढ्याच जागी नव्याने रेकॉर्ड करून) दुरुस्त करा. टॅस्कॅम डीपी-२४एसडी किंवा बॉस बीआर-८०० वर प्रत्येक ट्रॅकमागे व्हर्च्युअल ट्रॅक, म्हणजे जादा टेक ठेवायच्या जागा, असतात, ते याच कामासाठी. तुमच्याकडे तेच काम फाइल बदलून होतं. पंच-इनआधी फाइलची प्रत करा, आणि गाणाऱ्यांना आधीच्या ओळीपासून सलग गायला लावा, फक्त चुकलेल्या ओळीवरून उठायला सांगितलं की आवाज वेगळा लागतो. पण खालचा टेक नक्की केल्याशिवाय वर काहीही चढवू नका. तो नंतर बदललात तर वरचं सगळं वाया.

जागेसाठी टेक पुसायची गरज नाही. २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झला एक मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे ८ एमबी घेतो. आठ ट्रॅकचा सहा मिनिटांचा अभंग म्हणजे साधारण ३८० एमबी, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर असे ऐंशीएक टेक बसतात. सुरुवातच फसून थांबलेले टेक तिथल्या तिथे पुसा, बाकीचे ठेवा. मंडळातल्या सगळ्यांनी अंतिम मिक्स ऐकून होकार दिला आणि दोन वेगळ्या ठिकाणी प्रती झाल्या, की मग कार्ड रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करा, काँप्युटरवर नको.