उंचावर गाडीचा पिकअप का मरतो आणि तेव्हा काय करावं?

तुमची १.२ लिटरची, बिनटर्बोची (टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) पेट्रोल गाडी सपाटीवर उत्तम पळते, पण ३,५०० मीटरच्या वर चढावर दुसऱ्या गिअरलाही ओढत नाही, म्हणून इंजिन खोलावं का, असं तुम्ही विचारलंय. खोलू नका. हा बहुतेक विरळ हवेचा परिणाम आहे.

इंजिन प्रत्येक फेरीला ठरावीक घनफळाची हवा ओढतं. ३,५०० मीटरवर तेवढ्याच घनफळात समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच हवा मावते. ऑक्सिजन कमी, म्हणून पेट्रोलही कमीच जळू शकतं. ढोबळ हिशेब दर हजार मीटरला दहा टक्के. म्हणजे ८० हॉर्सपॉवरची गाडी तिथे ५२-५५ची होते, आणि वर चार माणसं नि सामान असतंच.

फ्युएल इंजेक्शन (पेट्रोल मोजून फवारणारी यंत्रणा) असेल तर सेन्सर हवेचा अंदाज घेऊन पेट्रोल आपोआप कमी करतात. हवा-पेट्रोलचं मिश्रण बरोबर राहतं, गेलेली ताकद मात्र परत येत नाही. जुन्या गाड्यांतल्या कार्बोरेटरला, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या साध्या भागाला, उंची कळत नाही. तो हवेच्या मानाने जास्त पेट्रोल सोडतो, काळा धूर येतो, प्लगवर कोरडी काजळी धरते. तिथे बरेच दिवस राहायचं असेल तरच लहान मेन जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्राची तोटी) बसवा, आणि खाली उतरताना जुना जेट आठवणीने परत लावा. नाहीतर मिश्रण पातळ होऊन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून, पिस्टन तापतो.

टर्बो गाडीला त्रास कमी, कारण टर्बो जास्त वेगाने फिरून बरीचशी तूट भरून काढतो. पण कमी आरपीएमला तो जागा झालेला नसतो, त्यामुळे चढावर उभी गाडी उचलताना तीही मरगळलेलीच वाटते.

खरं नुकसान इंजिनापेक्षा क्लचचं होतं. गाडी उचलत नाही म्हणून लोक हाफ क्लचवर रेस देत राहतात आणि दोन वळणांत जळका वास येतो. त्यापेक्षा एसी बंद करा, हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, आरपीएम २,५००च्या आसपास आणा, क्लच धरला की हँडब्रेक सोडा आणि पाय क्लचवरून पूर्ण काढा. गाडी घुसमटायच्या आधीच खालचा गिअर टाका. ओव्हरटेकला नेहमीच्या दुप्पट मोकळा रस्ता धरा.

निघण्याआधी एअर फिल्टर बघाच. सपाटीवर खपून जाणारा चोंदलेला फिल्टर वर खपत नाही. टर्बोच्या पाइपची सैल क्लिपही अशीच, रेस दिल्यावर फुसफुस ऐकू आली तर आधी ती आवळा.

खाली उतरूनही पिकअप आला नाही, चेक इंजिनचा दिवा लागला किंवा इंजेक्शनच्या गाडीतून सतत काळा धूर येत राहिला, तर मात्र गॅरेजमध्ये स्कॅनर (इंजिनातला बिघाड वाचणारं यंत्र) लावून घ्या.