पेडल वर आलं, पण गाडी अडली

प्रश्न : वडिलांची १९६१ची मॉरिस मायनर १००० मी अजून चालवतो. ब्रेकचं पेडल फार खाली जायचं, म्हणून मेकॅनिकने पेडलखालचा रॉड लांब करून ते वर आणून दिलं. गावात ठीक वाटलं. पण परवा पाचगणीहून पसरणी घाट उतरलो आणि वाईत शिरताना ब्रेक न दाबताच गाडी जड झाली. चाकांतले चारही ब्रेक-ड्रम इतके तापले होते की हात लावायची सोय नव्हती. चहा पिऊन अर्ध्या तासाने आलो तर गाडी मोकळी! आता मास्टर सिलिंडर (पेडलने चालणारा ब्रेकचा मुख्य पंप) बदला म्हणतात. बदलू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : एवढ्यात नका बदलू. आधी तो रॉड पूर्ववत करा.

पेडल सोडलं की मास्टर सिलिंडरमधला पिस्टन पूर्ण मागे येतो आणि ब्रेक ऑइलच्या टाकीकडे जाणारं एक बारीक भोक उघडतं. तापून फुगलेलं ऑइल तिथून परत जातं. तुमचा रॉड लांब झाल्यामुळे पिस्टन अलीकडेच अडतो आणि भोक झाकलेलं राहतं. ऑइल फुगलं, वाट नाही, मग ते शूंनाच (ड्रमला आतून घासून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्यांना) ड्रमवर रेटतं. शू घासले की आणखी तापतात. चहा होईपर्यंत ऑइल आकसलं, म्हणून गाडी सुटली. धंद्यात नवा असताना हीच चलाखी मीही केली होती. गिऱ्हाईक खंडाळ्याहून परतलं तेव्हा गाडीच्या आधी लायनरचा, म्हणजे शूवरच्या अस्तराचा, वास गॅरेजात पोचला!

पेडल हाताने दाबून बघा. साधारण अर्धा इंच मोकळी चाल हवी, त्यानंतर रॉड पिस्टनला टेकला पाहिजे. लॉकनट ढिला करून तेवढं जमवा.

आता पेडल पुन्हा खाली जाईल, घाबरू नका. त्याचं औषध चाकात आहे. गाडी जॅकवर घ्या, खाली ठोकळे लावा, चाक काढा. ड्रमला एक भोक असतं. ड्रम फिरवत राहा, भोकातून ॲडजस्टरची (शू ड्रमजवळ आणणाऱ्या स्क्रूची) खाच दिसेल. स्क्रू ड्रायव्हरने ती घड्याळाच्या दिशेने ड्रम अडेपर्यंत फिरवा, मग एक खटका मागे. पेडल एकदा जोरात दाबा म्हणजे शू जागेवर बसतील, आणि पुन्हा तपासा. मागच्या चाकांना एकेकच ॲडजस्टर आहे (तिथे हँडब्रेक सोडायला विसरू नका), पण पुढच्यांना दोन-दोन आहेत. एक फिरवलात की ड्रम अर्धा वळसा फिरवून दुसरा शोधा. मायनर ज्याने फारशा हाताळल्या नाहीत तो नेमका तो दुसरा सोडतो, आणि मग पेडल वर येईना म्हणून रॉडच्या मागे लागतो. तुमच्याकडेही तेच झालं असावं.

एकदा तापले आहेत तेव्हा ड्रम उतरवून लायनरही बघाच. काचेसारखे चकचकीत झाले असतील तर नवे लावा. आतली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं.

ऑइलही बदला. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी मुरलेलं ऑइल घाटात उकळून वाफ धरतं. डॉट ३ किंवा ४ दर्जाचं ब्रेक ऑइल घ्या. सिलिकॉनचं डॉट ५ त्यात मिसळू नका, आणि इंजिन ऑइल तर चुकूनही नको, रबरं फुगतील. टाकीचं झाकण ड्रायव्हरच्या पायाखाली, सतरंजीच्या आत आहे. भोवतालची माती पुसूनच उघडा. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात, शेवट ड्रायव्हरच्या बाजूच्या पुढच्या चाकावर. पेडल दाबायला शांत माणूस बसवा. आमच्याकडे हे काम माझी बायको करते, मुलगा घाई करतो.

मग पसरणी पुन्हा उतरा, खालच्या गिअरमध्ये. वाईत थांबून पुढच्या दोन्ही ड्रमजवळ तळहात न टेकवता धरा. दोन्हीकडे धग सारखी हवी. एकच रटरटत असेल तर त्या चाकाची रबरी नळी आतून फुगली असू शकते, तसं असेल तर ती बदलावी लागेल.