तोंड वाकडं झालंय, आणि घरात कांजिण्या

संक्रांतीची गड्ड्याची यात्रा उरकली, उन्हं चटकू लागली की सोलापुरात कांजिण्यांची पोरं दिसू लागतात, आणि माझ्याकडे हा प्रश्न हमखास येतो: "चेहऱ्यावरून वारं गेलंय, आता कुठं सुधारतंय. पोराच्या कांजिण्यांनी पुन्हा होईल का ओ?"

त्यातल्याच एक मावशी. टॉवेल कारखान्यात शिलाईला. बेल्स पाल्सी, म्हणजे हेच चेहऱ्यावरून वारं जाणं, होऊन पाच आठवडे झालेले, स्टिरॉईडचा कोर्स संपलेला. नातवाला कांजिण्या निघाल्यापासून माडीवरच्या खोलीत एकट्या. चहा पिताना ओठाच्या डाव्या कोपऱ्याला नॅपकिन धरायच्या.

दोन भेटी मी नुसतं ऐकलं. समजावायची घाई केली की भीती दडी मारते, असं माझं मत आहे. तिसऱ्या वेळी त्यांच्या भुवईवरची खळी दिसली.

"हे कशाचं, मावशी?"

"लहानपणच्या कांजिण्या. आईनं कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलेलं."

"मग तुम्हाला येऊन गेल्यात की!"

बराच वेळ गप्प. मग हळूच, "पोरगं म्हणालं, आजी, तू अशी काय हसतीस? तवापासनं समोर जाववत नाही."

कांजिण्या निमित्त होत्या. दार लावलं होतं ते चेहरा लपवायला. अशी खळी सगळ्यांनाच दिसते असं नाही, एवढं म्हणू द्या.

तरी निमित्ताचंही उत्तर द्यावंच लागतं. एकदा आलेल्या कांजिण्या सहसा पुन्हा येत नाहीत. त्यांचा विषाणू मात्र नसांत झोपून राहतो. जागा झाला तर नागीण होते, क्वचित कानात फोड येऊन तोंडही वाकडं होतं. पण तो आतून उठतो, पोराकडून येत नाही. कान ठणकून फोड दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ज्यांना कांजिण्या आल्याच नाहीत, लसही नाही आणि स्टिरॉईड चालू आहे किंवा दिवस गेलेत, त्यांनी थांबू नये. लगेच डॉक्टरांना फोन करावा, गोळ्या मनानं बंद करू नयेत. पुरळ उठायच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत लागण होते. झालीच तर १० ते २१ दिवसांत दिसते. आणि या धसक्यात डोळ्याचे थेंब विसरू नका. न मिटणारा डोळा कोरडा पडतो, त्याची काळजी आधी.

मावशींना मी समोरच डॉक्टरांना फोन लावायला सांगितला. नातवाला काय सांगायचं, ते त्यांनीच ठरवलं: "गालाची नस रुसलीय."

पुढच्या खेपेला बोटांवर नातवाच्या फोडांना लावलेल्या कॅलामाईनचा गुलाबी डाग होता. चहा आला, तसा नॅपकिन काढत म्हणाल्या, "ओघळतोय अजून. पोरगंच पुसतंय आता."