उत्तर: खेड्यात ऑटिझम असलेल्या मुलाचा व्यायाम कसा बसवायचा

भाऊ, तुमचा मुलगा सात वर्षांचा, ऑटिझमचं निदान झालेलं. नागपूरच्या थेरपिस्टनं "रोज व्यायाम करून घ्या" एवढं सांगून परत पाठवलं आणि दारव्ह्याजवळच्या तुमच्या गावात ना बाग, ना शिकवणारं कोणी. शाळेत पीटीची शिट्टी वाजली की तो कान झाकून वर्गात पळतो, हेही तुम्ही लिहिलंय. माझी पोरगी आता सोळाची आहे, आम्हीही खेड्यातच राहतो, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

आधी सामानाची काळजी सोडा. आपल्या लेकरांचं घोडं अडतं ते "जा, खेळ" म्हटल्यावर. कुठवर पळायचं, किती वेळ, थांबायचं कधी, यातलं काहीच त्यांना कळत नाही. म्हणून काम असं द्या की ते कुठे संपतं हे त्याला डोळ्यांनी दिसेल.

आम्ही पोरीसाठी अंगणाच्या दोन टोकांना दोन टोपल्या ठेवल्या. एकीत मुठीएवढे गोटे. एक उचलायचा, दुसरीत नेऊन टाकायचा, परत यायचं. टोपली रिकामी झाली की सुट्टी. पहिले काही दिवस तीनच गोटे ठेवायची मी. ती एक टाकायची अन् तिथंच बसून गोट्यावर गोटा वाजवत राहायची. मी मागून नुसता कोपराला हात लावायची, तोंडातून शब्द काढत नसे, कारण घरातले चौघं चार बाजूंनी "उचल, चल, टाक" ओरडले की ती जागची हलत नसे. पुढे गोटे वाढले, टोपल्या लांब सरकल्या, मग चालण्याचं पळणं आपोआप झालं.

हे जमलं की त्यालाच पुढचं जोडा. जमिनीवर चुन्यानं पावलं काढून त्यांवर दोन्ही पायांनी उड्या, अर्धी भरलेली चुंगडी ओढणं, शेवटी बकरीला बादलीभर पाणी. क्रम बदलू नका, वेळही बदलू नका. प्रत्येक कामाचा फोटो भिंतीवर ओळीनं लावा आणि काम झालं की तो फोटो त्याला स्वतः काढून डब्यात टाकू द्या. उडी येत नसेल तर ओट्याच्या खालच्या पायरीवरून दोन्ही हात धरून उतरवा. या मुलांपैकी पुष्कळांचा तोल आणि हातापायांचा मेळ कच्चा असतो, काही चवड्यांवर चालतात. लोक त्याला आळस म्हणतात, म्हणू द्या. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातलं डीईआयसी केंद्र (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासून उपचार करणारं) विचारा. पाय आणि तोल एकदा फिजिओथेरपिस्टनं पाहिलेला बरा.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी, अपंगत्व असलेल्यांसाठीसुद्धा, रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगितली आहे. ती एका दमात करायची गरज नाही, दिवसभरात तुकड्यातुकड्यांनी होऊ द्या.

फायदा होतो का? होतो. अमेरिकेत २०२० साली ऑटिझमसाठी पुरावा असलेल्या २८ पद्धतींची यादी निघाली, तीत व्यायाम आहे. १९८४ च्या एका छोट्या अभ्यासात जॉगिंगनंतर मुलांच्या परत परत होणाऱ्या त्याच त्या हालचाली (जसं हात फडफडवणं) काही वेळ कमी झाल्या, हलकं चेंडू खेळून तसा फरक पडला नाही. म्हणजे थोडा घाम निघाला पाहिजे. पण नुसते हात फडफडवणं थांबावं म्हणून मी पोरीला कधी पळवलं नाही. तिला झोप लागते, अभ्यासाला बसते, मला तेवढं पुरे. "शिबिरात या, ऑटिझम घालवतो" म्हणणाऱ्यांना मात्र एक रुपया देऊ नका. व्यायामानं ऑटिझम जात नाही.

आता काळजीचं. ऑटिझम असलेली मुलं पाण्याकडे ओढली जातात, आणि बुडून मरण्याचा धोका त्यांना इतर मुलांपेक्षा जास्त असतो. आपल्याकडे वावरातल्या कितीतरी विहिरींना कठडाच नसतो. धुऱ्यावर फिरायला नेताना हात सोडू नका, आणि जमेल तेव्हा भरवशाच्या माणसाकडून पोहायला शिकवा. फिट येत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाणी नको, झाडावर चढणंही नको. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत सगळं आटपा. कित्येक मुलं तहान लागली हे सांगत नाहीत, म्हणून प्रत्येक फेरीनंतर पाणी तुम्हीच पुढे करा. रिस्पेरिडोन (खूप चिडचिड होणाऱ्या काही मुलांना डॉक्टर देतात ती गोळी) चालू असेल तर जास्तच जपा: त्यानं भूक आणि वजन वाढतं, उन्हाचा त्रासही लवकर होऊ शकतो. गोळी मनानं बंद करू नका.

शाळेचं म्हणाल तर गुरुजींना एकटं गाठून सांगा: शिट्टीऐवजी हात वर करा, त्याला रांगेच्या टोकाला उभं करा आणि लेझीम-ढोल असेल त्या दिवशी त्याला मैदानाच्या कडेनं फेऱ्या मारू द्या. प्रत्येक फेरीला एक खडा, घरच्यासारखाच. बरोबर वर्गातला एखादा शांत पोट्टा द्या, तो पुढे पळाला की हा मागे पळतो.